फुटाला एक सूत

मंडळी, बसा. त्यो माईक जरा खाली घ्या, मी काय ताडमाड माणूस न्हाय. हां, आता ठीक हाय.

पारूवहिनी, परसू, मालक, उद्यमनगरातली सगळी मिस्त्री मंडळी, आणि चंदगडासनं एवढ्या अवकाळी पावसातनं एसटीनं आलेलं पावणं, सगळ्यास्नी नमस्कार. निंगाप्पा मिस्त्री जाऊन आज अकरा दिस झालं. मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. बोलणं अवघड हाय. गळा दाटलाय म्हणून अवघड असं समजू नका. मला राग आलाय. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणत्यात. मग कवा रागवायचं? जिता हुता तवा ह्यो गडी रागवू द्यायचा न्हाय. आपण चिडून बोलायला लागलो की ह्यो रंधा हातात घ्यायचा आणि फळीकडं बघत बसायचा.

माझ्या आधी चौघंजण बोललं. चौघं बी म्हणलं, मिस्त्री मितभाषी हुता. मितभाषी म्हणजे थोडं बोलणारा. मंडळी, ह्यो थोडं बी बोलत नव्हता! त्याच्या त्या न बोलण्यापायी आणि माझ्या एका खोट्यापायी ह्या माणसाची अब्रू गेली. तुमच्या सगळ्यांच्या तोंडात त्याचं नाव चेष्टंचं झालं. ते आज नीट केल्याबिगार मी खाली बसणार न्हाय. वेळ झाला म्हणून चिठ्ठ्या पाठवू नका. मी वाचणार न्हाय.

नव्या पोरास्नी म्हाईत नसंल म्हणून सांगतो. निंगाप्पा आमच्या फौंड्रीत पॅटर्न करायचा. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा जो पीस ओतायचा, तसाच आधी लाकडाचा करायचा. त्यो वाळूत दाबायचा, अल्लाद काढून घ्यायचा, आणि मागं जी पोकळी ऱ्हाती तिच्यात बीड ओतायचं. लाकडात चुकलं की पुढं सगळंच चुकलं. मी तिथला स्टोअरकीपर, रामगोंडा. कबनूरला मागाच्या कारखान्यात हुतो, तिथनं हितं आलो. कापडाच्या धंद्यात मीटर म्हणजे मीटर. तेवढी अक्कल घेऊन मी फौंड्रीत शिरलो.

पयल्याच महिन्यात आमची जुंपली. कशावरनं? पेन्सिलीवरनं. ह्याला चपटी पेन्सिल पायजे. मी म्हणलं, ही काय कुणाच्या पायाखाली चेंगरलीया काय? मी त्याला चांगल्या गोल पेन्सिली दिल्या, वर खोडरबर लावलेल्या, डझनभर. चार दिसांनी खिडकीत हजर.

"पेन्सिल."

"बारा दिल्यात्या की!"

"संपल्या."

"अरे, खाल्ल्यास काय?"

ह्यो तोंडात गुळणी धरल्यागत उभा. शेवटी मीच जाऊन बघितलं. रंधा मारला की मेज हालतंय, गोल पेन्सिल घरंगळती, भुश्श्यात पडती आणि भुसा झाडताना केराबरोबर जाती. चपटी जाग्यावर ऱ्हाती. एवढंच! मी म्हणलं, मिस्त्री, हे तोंडानं सांगायला काय पैसं पडत हुतं? तर म्हणाला, "आता कळलं की."

आता कळलं की! ह्या तीन शब्दांनी माझी तीस वर्सं खाल्ली.

मग त्याचा लाकडी हातोडा. दोन्ही तोंडं तिरकी. मला वाटलं, लाकूड वाळून वाकडं झालंय. मी म्हणलं, हे सरळ तासून घे, बघवत न्हाय. त्यानं हातोडा माझ्या हातात दिला, पुढं पटाशी धरली आणि म्हणाला, "मार." मी मारला. बरोब्बर सपाट बसला. "हात गोल फिरतोय," म्हणाला. म्हणजे आपला हात कोपरातनं गोलात येतोय, हातोड्याचं तोंड सरळ असलं तर त्याची नुसती कड लागणार. हे मी तुमास्नी फोडून सांगतोय. त्यानं एवढं सांगितलं नव्हतं. तीन शब्द, आणि परत काम सुरू.

आणि एक पटाशी हुती, मान मोडलेली. मूठ वर, पातं खाली, मधी वाकडं. मला तिची दया आली. मी ती लोहाराकडं नेऊन सरळ करून आणली! वर छाती फुगवून त्याच्या मेजावर ठेवली. त्यानं पटाशीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि कामाला लागला. तीन दिसांनी बघतोय तर ह्याच्या बोटांची सालटं निघाल्याली. मी म्हणलं, काय झालं रं? "काम," म्हणाला. मग बाळूनं सांगितलं. बाळू म्हणजे त्याच्या हाताखालचा सुतार, त्यो काय तिसऱ्या रांगंत बसलाय. म्हणाला, खोल खाचंचा तळ तासताना बोटं काठाला लागू नयेत म्हणून ती मान मुद्दाम वाकडी केल्याली असती. मी कपाळावर हात मारून घेतला. अरे, मला शिव्या घालायच्या हुत्यास! आल्या आल्या शिव्या घातल्या असत्यास तर तुझी बोटं ऱ्हायली असती, आणि मलाबी जन्माची अद्दल घडली असती. पण न्हाय. त्यानं चौथ्या दिशी लोहाराकडं जाऊन ती परत वाकवून आणली, आणि विषय संपला.

एकदाच मी त्याला पकडलं. त्याच्याकडं जुनी विलायती करवत हुती. तिच्या पाठीवर, टोकाकडं, एक बारीक टोचा. कशाचा उपयोग न्हाय, कशात अडकत न्हाय, काय न्हाय. मी म्हणलं, मिस्त्री, आज सोडणार न्हाय, हे कशाला? त्यानं करवत उलटीपालटी केली आणि म्हणाला, "मला बी म्हाईत न्हाय." मला असा आनंद झाला म्हणून सांगू! मी म्हणलं, मग घासून टाक की. तर माझ्यावर डोळं वटारलं. "म्हाईत न्हाय म्हणूनच न्हाय घासत." हे त्याचं सगळ्यात लांब भाषण. मी हसलो आणि च्या प्यायला गेलो. ऐकून घ्यायला पायजे हुतं.

आता मुद्द्यावर येतो. मालक, तुमी बी नीट ऐका.

त्या सुमाराला सर्टिफिकेटचं वारं आलतं. बाहेरची मोठी पार्टी म्हणाली, दर्जाचं सर्टिफिकेट असंल तरच माल घिऊ. झालं! सगळ्या उद्यमनगराला सर्टिफिकेटचा ताप चढला. भिंतीवर पाट्या, डब्यावर पाट्या, संडासावर सुद्धा पाटी. त्यातला एक नियम असा की कारखान्यात मोजायचं जे जे काय हाय ते तपासायचं. बरोबर निघालं तर हिरवी चिठ्ठी, चुकीचं निघालं तर लाल चिठ्ठी आणि कारखान्याच्या बाहेर. ते काम मालकांनी माझ्यावर टाकलं. मी हातात नवी कोरी स्टीलची पट्टी घेऊन, तिच्या तपासणीचा कागद खिशात घालून, फौजदारागत हिंडत हुतो.

निंगाप्पा तवा गावाकडं. दर आषाढात त्यो चंदगडला भाताच्या लावणीला जायचा, त्याची ती रजा ठरल्याली. त्या वर्सी पाऊस असा लागला की वाटंवरचा पूल पाण्याखाली, एसटी बंद. आठ दिसाची रजा पंधरा दिसांवर गेली. मी त्याच्या पाठीमागं पॅटर्नच्या खोलीत शिरलो.

खुंटीला त्याची पट्टी टांगल्याली. दोन फुटी, शिसवाची, दोन्ही टोकांना पितळंच्या टोप्या, झिजू नये म्हणून. खुणा त्यानं स्वतः धारंच्या पात्यानं कोरल्याल्या. मी ती माझ्या स्टीलच्या पट्टीला लावली. दोन फुटाला दोन सूत जास्ती! आयला... माफ करा वहिनी, सभेत आयला म्हणू नये. पण मला तवा असं झालं की चोर घावला. एवढी वर्सं ह्यो शाणा माणूस खोट्या पट्टीनं मापतोय आणि मला पेन्सिलीवरनं शिकवतोय! मी लाल चिठ्ठी लावली. मग वाटलं, तपासणीवाल्या सायबाच्या नजरंला ही पडायलाच नगं. त्याच्याच करवतीनं तिचं दोन तुकडं केलं आणि कॅन्टीनच्या चुलीत घातलं. शिसव हुतं, झ्याक पेटलं. त्याच्यावर च्या झाला. मी दोन कप पिलो.

हितं बसल्याल्या निम्म्या लोकांनी आत्ता डोस्क्याला हात लावला. लावा. तुमास्नी म्हाईत हाय, मला नव्हतं. तापल्यालं बीड गार होताना आकसतंय. फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. एक फुटाचा पीस पायजे असंल तर लाकूड एक फूट एक सूत करावं लागतंय. दर मापाला हिशेब करत बसायला नगं म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीच तेवढी ताणल्याली असती. ड्रॉइंगवर जो आकडा तोच पट्टीवर बघायचा, आकस, म्हणजे त्या आकसण्यापुरती वाढ, आपसूक धरली जाती. म्हणजे कारखान्यात चुकीची म्हणून मी जाळली ती एकच पट्टी बरोबर हुती. त्या कामाला माझी स्टीलची, कागदवाली, हिरव्या चिठ्ठीची पट्टी खोटी हुती.

आणि आता माझा राग सांगतो. निंगाप्पा, लेका, त्या पट्टीवर चार अक्षरं कोरायची हुतीस की! "ही बिडाची." एवढंच! तुझ्या हातात पातं हुतं, लाकूड हुतं. बाळू तुझ्या हाताखाली सात वर्सं. ती पट्टी रोज वापरायचा. त्याला तरी सांगितलंस? न्हाय. "वापर, कळंल." वापरून त्याला काय कळणार, कप्पाळ? त्याला वाटायचं, पट्टी म्हणजे पट्टी.

तर झालं असं. मिस्त्री पुराच्या पल्याड अडकल्याला, आणि पंपाच्या बॉडीचं तातडीचं काम आलं. बाळूनं पॅटर्न केला. खुंटीवर पट्टी न्हाय, म्हणून मी मोठ्या ऐटीत दिल्याल्या स्टीलच्या पट्टीनं केला. ड्रॉइंगबरहुकूम. सुताचा फरक न्हाय. मिस्त्री परत आला तवर सगळा लॉट ओतून झालता. त्यो आला त्या दिशी मशीनवर घेतला तर प्रत्येक पीस बारका. तासायला अंगावर मालच न्हाय. अख्खा लॉट भंगारात.

मिस्त्री ज्या सकाळी आला त्या सकाळी पयल्यांदा माझ्या खिडकीत आला. अजून कुणाला काय कळलं नव्हतं. म्हणाला, "माझी पट्टी?"

मी म्हणलं, "मला म्हाईत न्हाय."

का म्हणलं? आजवर मला सांगता येत न्हाय. त्याच्या तोंडाकडं बघूनच कळलं की आपण काय तर मोठं करून ठेवलंय. घाबरलो. त्यो तसाच माघारी गेला.

दुपारी मालकांनी सगळ्यास्नी पटांगणात बोलावलं. मालक, तुमास्नी आठवत असंल. बाळू कोपऱ्यात भिंतीला चिकटून उभा. पुढच्या महिन्यात त्यो परमनंट व्हायचा हुता. तुमी विचारलंसा, पॅटर्न कुणाचा? आणि बाळूनं तोंड उघडायच्या आत निंगाप्पा म्हणाला, "माझा."

"आकस धरलीस का न्हाय?"

"न्हाय."

मालक, तुमी त्याला सगळ्यांदेखत काय काय बोललासा ते मी परत सांगत न्हाय, वहिनी समोर बसल्यात. पंचवीस वर्सं पॅटर्न करणारा माणूस आकस धरायला इसरतो? शाळंतलं पोरगं एक अधिक एक इसरंल काय? ह्यो रजेवर हुता, चंदगडात भाताच्या चिखलात उभा हुता, हे तुमच्या कुणाच्या डोस्क्यात आलं न्हाय? एकाच्या बी न्हाय? हजेरीचा मस्टर बघितला असता तरी कळलं असतं. आणि ज्याला म्हाईत हुतं त्यो मी, मी सगळ्यात मागं उभं राहून चप्पल बघत हुतो.

त्याला पॅटर्नमधनं काढून पॅकिंगला टाकलं. ज्या हातानं पंपाचं पोट कोरलं त्या हातानं सहा वर्सं खोक्याला खिळं मारलं. रिटायर होईस्तवर. ते खोकं बी ह्यो नीट करायचा. तळाला दोन पट्ट्या जादा मारायचा, खालनं दोर काढायला जागा ऱ्हावी म्हणून. ह्या येळंला मी त्या पट्ट्यांवर बोललो न्हाय.

आणि तुमी? तुमी लोकांनी म्हण केली. "निंगाप्पाचं माप." च्या कमी आला, निंगाप्पाचं माप. शिंप्यानं पॅन्ट आखूड शिवली, निंगाप्पाचं माप. क्रिकेटमधी चेंडू आखूड पडला तरी निंगाप्पाचं माप! उद्यमनगरातनं ते पार शिरोलीपतुर गेलं. मी बी हसलोय. खोटं कशाला सांगू, सगळ्यात मोठ्यानं हसलोय. न हसता गप्प बसलो असतो तर कुणाला तर संशय आला असता.

औंदा गणपतीच्या आधी त्याच्या घरी गेलतो. मोबाईलवर फोन केला तर उचलून नुसतं "हं" म्हणाला, म्हणून गेलो. दम लागत हुता त्याला. मी ठरवून गेलतो. बसलो आणि म्हणलं, "मिस्त्री, तुझी पट्टी मी जाळली."

"म्हाईत हाय," म्हणाला.

मी उडालोच. "कसं?"

"चुलीच्या राखंत पितळंची टोपी घावली. परत आलो त्याच दिशी."

मंडळी, त्याच दिशी! म्हणजे पटांगणात उभा हुता तवा त्याला सगळं म्हाईत हुतं. माझं डोस्कं फिरलं. मी त्याच्या घरात, त्याच्या आजारपणात, त्याच्यावर वरडलो. "मग बोलला का न्हाईस रं? का मेल्यागत गप्प बसलास?"

म्हणाला, "तुला इचारलंतं की. तू न्हाय म्हणलास."

"अरे, मग मालकास्नी सांगायचं!"

"बाळूचं नाव निघालं असतं. तुझं बी. तुमची दोघांची पोरं बारकी. माझा परसू हाताशी आलता." आणि म्हणाला, "च्या घे."

त्याच्या हरेक वाकड्या हत्याराला काय तर कारण असायचं, आणि मला ते कायम उशिरा कळायचं. त्याच्या गप्प बसण्याला बी कारण हुतं. ते कळायला मला सगळ्यात जास्ती वर्सं लागली. मला रडू आलं न्हाय. मला त्याची गचांडी धरावी वाटली.

तवर वहिनी आतनं आल्या. वहिनींनी सगळं ऐकलंतं. वहिनी, मी सांगू नव्हं? त्या म्हणाल्या, "भावजी, ह्यास्नी काय नगं असंल. मला पायजे. मी सांगतो तुमास्नी. माझा परसू दारं-खिडक्या करतोय. लोकं त्याच्यासमोर दुसरा टेप आणून परत मापत्यात आणि म्हणत्यात, बापावर गेला न्हाईस न्हवं? पोरगं हसून घेतंय आणि घरात येऊन जेवत न्हाय. तुमी चार लोकांत सांगा." निंगाप्पा म्हणाला, "ऱ्हाऊ दे गं." वहिनी म्हणाल्या, "तुमी गप्प बसा." लग्नानंतर पयल्यांदाच त्याला कुणी तर गप्प बसायला सांगितलं असंल!

मी म्हणलं, सांगतो वहिनी. गणपती झालं की सांगतो. गणपती झालं. म्हणलं, दसरा होऊ दे. मग दिवाळी. मग म्हणलं, एखादा कार्यक्रम बघून सांगावं. ह्यापेक्षा मोठा कार्यक्रम आता कंचा येणार? त्याच्या कानांवर पडायला पायजे हुतं ते. अकरा दिस उशीर केला मी. त्यो वाट बघत नव्हता, मला म्हाईत हाय. पण मी सांगायला पायजे हुतं.

तर ऐका. सगळ्यांनी ऐका, मागं दारात उभं हाईत त्यांनी बी. त्या पंपाच्या बॉडीचा पॅटर्न निंगाप्पानं केला नव्हता. त्याचं माप जल्मात कधी चुकलं न्हाय. पट्टी मी जाळली. खोटं मी बोललो. बाळू, तुझा दोष न्हाय, तू मान वर कर. मालक, तुमचा दोष हाय, थोडा. विचारायला पायजे हुतं. आणि निंगाप्पा, तुझा बी हाय, आणि त्यो मी माफ करणार न्हाय. बाकी सगळा माझा.

आता रिवाजाप्रमाणं दोन मिनिटं उभं ऱ्हायचं. पण थांबा. एकदम सगळे उठू नका. ज्यांनी एकदा तरी "निंगाप्पाचं माप" म्हणून हसून घेतलंय, तेवढ्यांनीच उठा. मी तर उभाच हाय. लाजू नका, मला तोंडं म्हाईत हाईत. हां, मालक. बाळू, तू बी? ऊठ. मागची रांग, उठा की, अख्खी रांग हाय तुमची. दारातलं हालू नका, तुमी उभंच हाईसा.

चंदगडचं पावणं, तुमी बसा. परसू, तू बस. बस म्हणतोय न्हवं. वहिनी, तुमी अजिबात उठायचं न्हाय. तुमी बसून ऱ्हावा आणि आमच्याकडं बघा.

मंडळी, आता गप्प.